‘आदरणीय परिवार’

पहिलं पत्र जानेवारीत आलं. दुपारी बारापर्यंत धुकं उठत नव्हतं, असे ते दिवस. मी संध्याकाळी मोहालीहून घरी आले तर आई शाल पांघरून जेवणाच्या टेबलाशी बसलेली, आणि तिच्यापुढे एक लांबट पांढरं पाकीट.

“पत्र आलंय,” ती म्हणाली. “पण कुणाला ते कळत नाही.”

पाकिटावर निळ्या शाईनं, हातानं, हिंदीत पत्ता लिहिलेला होता. आमच्या घराचा नंबर, सेक्टर अडतीस, चंदीगड, पिनकोड. नावाच्या जागी फक्त ‘आदरणीय परिवार’.

मी मोहालीच्या सेक्टर सदुसष्टमधल्या संस्थेत औषधशास्त्र शिकवते. नवरा हवाई दलातून इथेच निवृत्त झाला, दुसरी नोकरीही इथेच लागली आणि साताऱ्याकडे परत जायचं लांबवत लांबवत आम्ही इथलेच झालो. आदल्या सप्टेंबरात बाबा गेले. भावाचं पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे गुडघे धड नाहीत. म्हणून ती ‘उन्हाळ्यापर्यंत’ आमच्याकडे आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत एवढी थंडी तिनं पाहिली नव्हती. मुलगा शिकायला बाहेरगावी, आम्ही दोघं कामावर, शेजारी पंजाबी. दिवसभर तिच्याशी मराठीत बोलायला घरात कुणी नसे. ऊन आलं की ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसे आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत राही.

पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं. दोन पानं, वहीतल्यासारख्या रेघांच्या कागदावर. लिहिणारी बाई म्हणत होती की ती आमच्या शहरातच राहते, सध्या साथीमुळे घरोघरी जाऊन भेटता येत नाही म्हणून लिहितेय. तुमचं कुणी प्रिय माणूस तुम्हाला सोडून गेलंय का, असं पुढे विचारलं होतं. ते पुन्हा भेटेल असं वचन देवानं दिलंय, ते जाणून घ्यायची इच्छा असेल तर जरूर लिहा. सोबत एक छापील पत्रक, त्यावर हिरव्यागार बागेत हसणारी माणसं. पाकिटाच्या मागे एका प्रार्थनाघराचा पत्ता आणि बाईचं नाव. ते मी इथे लिहीत नाही.

मला राग आला. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. यांना कसं कळलं? नवरा म्हणाला, “कळलंबिळलं काही नाही. सगळ्या सेक्टरला टाकत असतील. घरात कुणी ना कुणी गेलेलंच असतं.” मी पत्र पाकिटासकट रद्दीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते आईच्या उशाशी होतं, घडी सरळ करून, चष्म्याच्या डबीखाली ठेवलेलं.

तीनेक आठवड्यांनी दुसरं आलं. मजकूर थोडा निराळा, पण वळण तेच. कुठून तरी नमुना बघून उतरवल्यासारखं. या वेळी मी घरी आले तर आईच्या हातात लाल पेन.

“काय करतेयस?”

“तपासतेय.” तिनं एकोणतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं होतं. “हिचा म बघ. वरून उघडाच. ‘मन’ लिहिलंय का ‘भन’, कळत नाही. सगळीकडे तेच.”

मी बघितलं. इतकी वर्षं दुकानांच्या पाट्या वाचून मला एवढं माहीत होतं. “आई, गुरुमुखीत म असाच असतो. ही बाई पंजाबी शाळेत शिकलेली असणार. हिंदी मागाहून शिकलीय.”

“असं होय,” आई म्हणाली. मग तिनं लाल पेनाला टोपण लावलं. “मग बरंच बरं आहे की अक्षर.”

तिसरं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. त्या रविवारी सकाळी आई माझ्यापुढे उभी राहिली. हातात रेघांचे चार कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले.

“हे मला हिंदीत करून दे.”

“काय आहे?”

“उत्तर. तीन पत्रं आली बाईची. हातानं लिहिलेली. एकाचंही उत्तर गेलं नाही आपल्याकडून, बरं दिसत नाही ते.”

“आई, ते लोक सगळ्यांनाच पाठवतात. आपल्यात ओढायला.”

“ओढू दे की. मी काय इकडंतिकडं जाणारेय का आता?” ती म्हणाली. “माझं हिंदी तुला माहितीय. भाजीवाला हसतो. तू नीट करून दे.”

ती मटार घेऊन व्हरांड्यात गेली. इथल्या हिवाळ्यात मटार पाच-पाच किलो आणून सोलून ठेवतात. आईला ते काम मनापासून आवडायचं. मी टेबलाशी बसून पत्र वाचायला घेतलं.

सुरुवात आईसारखीच होती, सरळ. आपण कोण, कुठल्या, काय काम केलं. मग लिहिलं होतं: ‘मी माझा देव आणि माझे नेम सोडणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत. पण तुम्ही लिहिता की गेलेली माणसं पुन्हा उठतील आणि भेटतील. त्याबद्दल माझा एक प्रश्न आहे. माझी पहिली मुलगी अडीच वर्षांची असताना गेली. आता असती तर सत्तावन्न वर्षांची असती. ती भेटली तर अडीच वर्षांची भेटेल की सत्तावन्न? सत्तावन्न वर्षांची भेटली तर मी तिला ओळखणार नाही. अडीच वर्षांची भेटली तर ती मला कशी ओळखेल? तिनं मला बावीस-तेवीस वर्षांची बघितलंय. तुम्हाला माहीत नसेल तर ज्यांना माहीत आहे त्यांना विचारून कळवा.’

मी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मी घरातली थोरली. माझ्यानंतर भाऊ. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर मी तेच लिहीत आलेले.

व्हरांड्यात गेले. आई खाली मान घालून शेंगा सोलत होती.

“आई, हे काय आहे?”

“लिहिलंय ते.” तिनं वर बघितलं नाही. “‘ओळखेल’ला ‘पहचानेगी’ ना?”

“हो.”

“मग झालं. लिही जा.”

त्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं.

मी हिंदी पत्र लिहिलं. आणि इथे मी एक गोष्ट केली जी सांगायला मला आजही बरं वाटत नाही. मुलीचा सगळा मजकूर मी गाळला. त्याऐवजी लिहिलं, ‘गेलेली माणसं कोणत्या वयाची भेटतील?’ मी स्वतःला समजावलं की हे आईच्या भल्यासाठीच आहे. अनोळखी लोकांच्या हातात कशाला द्यायचं असं काही? उद्या तेवढाच धागा धरून चौघंजण दारात उभे राहतील. नवऱ्याचंही म्हणणं तेच होतं, मी त्याला रात्री सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हे बाहेर जायला नको.” पण खरं कारण निराळं होतं. मला जे त्रेपन्न वर्षं सांगितलं नव्हतं ते तिनं एका परक्या बाईला कागदावर लिहून दिलं होतं, आणि माझ्याकडे आलं ते भाषांतरासाठी.

हिंदी वाचता येतं तिला, हे मी कशी विसरले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिनं चष्मा लावला, माझं पत्र वाचलं, मग स्वतःचं शेजारी ठेवलं आणि दोन्हीवर एकेक बोट टेकवलं.

“इथला मजकूर गेला.”

“मी म्हटलं, राहू दे.”

“का?”

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले. ती रागावली नाही. वर्गातल्या मुलाला सांगावं तशी म्हणाली, “मग परत लिही. मी थांबते.”

ती खरंच समोर बसून राहिली. मी पुन्हा लिहायला घेतलं, आणि लिहितालिहिता, मान वर न करता, विचारलं, “काय झालं होतं तिला?”

“घटसर्प,” आई म्हणाली.

वर्गात मी घटसर्पाच्या लसीवर दर वर्षी बोलते.

मग तिनं सांगितलं. सलग नाही, मी एक वाक्य हिंदीत लिहायची, ती एक सांगायची. माण तालुक्यातल्या एका खेड्यात तिची पहिली नेमणूक. बाबा तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाला दूर गेलेले. मुलीला दोन दिवस ताप होता आणि घसा दुखत होता. तिसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. साहेब येणार होते. आई मुलीला शेजारणीकडे ठेवून शाळेत गेली. साहेब उशिरा आले. ती घरी आली तेव्हा पोरीचा गळा सुजला होता आणि आवाज गेला होता. तालुक्याला जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली. बैलगाडीनं निघाले, पण वाटेतच ती गेली. बाबा तिसऱ्या दिवशी पोचले.

“मला एक शब्द बोलले नाहीत तुझे बाबा. पुढेही कधी नाही. बदली मागून घेतली, आणि तिचे कपडे, टोपडं, सगळं तिथंच देऊन टाकलं. फोटो काढलेलाच नव्हता. दीड वर्षानं तू झालीस. ते म्हणाले, आता हा विषय नको.”

“आणि तू?”

“मी काय. नको तर नको.”

तिनं पत्राखाली मराठीत सही केली. संध्याकाळी आम्ही दोघी मार्केटजवळच्या लाल पेटीत ते टाकून आलो. आईनं पेटीच्या तोंडात हात घालून खात्री करून घेतली की ते आत पडलं.

मग काही आलं नाही. मार्च गेला, थंडी गेली, हातरुमालाएवढ्या लॉनवर फुलं आली. पोस्टमन अकराच्या सुमाराला येतो. आई त्या वेळी फाटकाशी उभी राहू लागली. तो विजेची बिलं, बँकेची पाकिटं देई, ती घेई आणि आत येई. मला त्या बाईचा मनस्वी राग यायला लागला. तीन-तीन पत्रं आपणहून पाठवायची, आणि एका म्हाताऱ्या माणसानं खरंच काही विचारलं की गप्प बसायचं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात पत्रक नव्हतं. पहिल्या पानावर तिनं त्यांच्या धर्मग्रंथात काय सांगितलंय ते लिहिलं होतं, व्यवस्थित, पाठ केल्यासारखं. दुसऱ्या पानापासून अक्षर बदललं होतं. घाईत, मोकळं, मध्येमध्ये खोडलेलं. तिनं लिहिलं होतं की तुमचा प्रश्न मी आमच्या वडीलधाऱ्यांना विचारला. त्यांनी सांगितलं ते वर लिहिलंय. पण ते परत परत वाचूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात सापडत नाही. मला माहीत नाही. मी तीन वेळा लिहून फाडलं, म्हणून उशीर झाला. दोन वर्षं मी अशी पत्रं लिहितेय, उत्तर पहिल्यांदाच आलं. मी इंडस्ट्रियल एरियात नट-बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, दुपारच्या सुट्टीत लिहिते, म्हणून कागदाला ग्रीस लागलं असेल तर माफ करा.

आणि शेवटी: ‘माताजी, ती कशी होती? काय बोलायची? मला लिहा.’

आईनं पत्र मांडीवर ठेवलं. “हे कुणी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली.

त्यानंतरचे सहा-सात महिने आमच्या घरात रविवार सकाळ पत्राची असे. आई आठवडाभर थोडं थोडं मराठीत लिहून ठेवी, मी ते हिंदीत करी. मोठी बहीण मला अशी मिळाली, वाक्यावाक्यानं. ती भाकरीचा नुसता पापुद्रा खायची आणि खालचं आईला परत द्यायची. पापुद्र्याला हिंदीत काय म्हणतात ते मला कुठे सापडेना. शेवटी ‘ऊपर वाली पतली परत’ असं लिहिलं. शाळेची घंटा वाजली की ती दोन्ही हात कानावर ठेवायची, मात्र वाजून झाली की आणखी वाजव म्हणायची. आई वर्गात शिकवत असताना आईच्या पावलावर बसून राहायची. सावळी होती. केस कुरळे, ते बाबांच्या आईचे. तिचं नावही मला पत्रातच कळलं. लिहिताना माझा हात कधीमधी थांबे. आई म्हणे, “दमलीस? चहा घे.” तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मी त्या दिवसांत पाणी पाहिलं नाही. उलट तिला आणखी आणखी आठवत जाई, आणि आठवलं की ती हरखून जाई. “अगं, हे तर मी विसरलेच होते!”

तपासणीच्या दिवसाचं तिनं बऱ्याच उशिरा लिहिलं, ऐन जूनच्या उकाड्यात. सहा ओळी. त्याला उत्तर लगेच, आठवड्यात आलं. बाईनं लिहिलं होतं की मलाही एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. सुपरवायझर सुट्टी देत नाही तेव्हा मी तिला तापातसुद्धा शेजारणीकडे ठेवून कामावर जाते. मागच्या महिन्यातच गेले होते. तिचा ताप उतरला, तुमच्या मुलीचा उतरला नाही. आपण दोघींनी केलं एकच. त्यात देवाचा एकही शब्द नव्हता.

एरवी अडलेले शब्द आई मला विचारी; हे पत्र तिनं नुसतं वाचायला दिलं, कारण तिला ते नीट समजलं होतं. ती त्या दुपारी झोपली ती संध्याकाळी सहापर्यंत. एरवी दुपारी तिचा डोळा लागत नसे. मी दोनदा जाऊन बघून आले.

ऑक्टोबरात बाईनं विचारलं, भेटायला येऊ का? नवरा म्हणाला, “आता येतील बघ पुस्तकं घेऊन.” पण त्यानंच सकाळी जाऊन समोसे आणले.

दोघीजणी आल्या, बसनं. त्यांच्यात जोडीनंच जायची पद्धत असते. मी मनात एक पोक्त, पांढऱ्या केसांची, मिशनच्या शाळेतली बाई धरली होती. दारात होती ती चाळिशीची, उंच, हडकुळी, फिकट गुलाबी सलवार-कमीज घातलेली. बोटांची टोकं काळवंडलेली. तिनं आईच्या पायांना हात लावला नाही, त्यांच्यात बहुधा चालत नसावं, पण दोन्ही हातांनी आईचे हात धरले आणि धरूनच ठेवले.

“बीजी, मुझे लगा आप बहुत लंबी होंगी,” ती म्हणाली. पंजाबीत आईला, आईच्या वयाच्या बाईला बीजी म्हणतात.

“लंबी? मैं?” आई हसली. “मैं तो बुटकी है!”

आईचं हिंदी तिथून पुढे तसंच चाललं. ‘तुम कितना लिखता है’, ‘समोसा और ले लो, लाजो मत’. बाईला सगळं कळत होतं. सोबत आलेली जरा वयस्क बाई शांत होती. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून टॅबलेट काढला आणि म्हणाली की एक छोटासा व्हिडिओ दाखवते. आईनं तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, “अच्छा है. लेकिन मैं मेरा देव नहीं छोड़ूंगी. पहले पत्र में ही बताया था.”

“ना बीजी,” बाई पटकन म्हणाली. “मैं तो आज बस आपको मिलने आई हूँ.”

सोबतची तिच्याकडे बघत राहिली. टॅबलेट पिशवीत गेला. नवरा उठून म्हणाला की आणखी एकेक कप चहा करतो. तो स्वयंपाकघरात आपणहून गेलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता.

त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला मी गेले. वयस्क बाई पुढे चालत होती. ही माझ्या बरोबरीनं आली आणि हळूच हिंदीत म्हणाली, “एक सांगायचंय. आम्हाला लिहून द्यावं लागतं, कुणाला गोडी आहे, कुणाला नाही. मी बीजींचं नाव गोडी असणाऱ्यांत लिहिलं. दर महिन्याला मला विचारतात, कुठवर आलं त्यांचं? मी सांगते, त्या प्रश्न विचारतात. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही.”

मी स्वतः आईच्या पत्रातून आईचीच मुलगी गाळली होती. तेच मी तिला सांगितलं. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहून हसलो.

पुढे तिला प्रार्थनाघरातून सांगण्यात आलं की जिथे काही व्हायचं नाही तिथे वेळ घालवू नये. तिनं ते आईला जसंच्या तसं लिहून कळवलं. आता ती सुट्टी जुळली की येते, मुलीला घेऊन, पिशवीत काही नसतं.

त्या पहिल्या भेटीत निघताना मात्र तिनं आईला एक विचारलं होतं: त्या मुलीची जागा कुठे आहे? तिच्या मनात कबर असणार. आपल्यात एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. म्हणजे जागा होती. आई तिथे परत कधी गेली नव्हती. महिना गेला. मग एका सकाळी वरणाला फोडणी देतादेता म्हणाली, “पुण्याला जाऊ तेव्हा तिकडंही जाऊ या का?”

आधी भावाला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, मी सांगते. आई म्हणाली, नको, आणि फोन मागून घेतला. मी ऐकत होते. “तुला अजून एक बहीण होती, ताईच्या आधी. घटसर्पानं गेली. पुढच्या महिन्यात तिच्या गावाला जायचंय, गाडी घेऊन ये.” मग तो म्हणाला, “बरं. कितीला निघायचं?”

डिसेंबरात आम्ही तिघं गेलो. पुण्याहून साडेचार तास. रस्ते चांगले झाले होते, आईला एकही वळण ओळखू येईना. शाळा मात्र होती; जुन्या दोन खोल्यांना लागून नवी स्लॅबची इमारत, भिंतीवर रंगीत आकडे. रविवार असल्यामुळे बंद. शाळेमागून ओढ्याकडे जाणारी वाट होती, ती आईनं बरोबर काढली. भावानं तिचा हात धरला होता. ओढ्याकाठी आता ज्वारीचं शेत होतं, हुरड्याला आलेलं, आणि बांधावर एक पाण्याची टाकी. जुनं लिंबाचं झाड आई शोधत होती, ते नव्हतं.

“इथंच कुठं तरी,” ती म्हणाली. “टाकीच्या अलीकडं. झाड असतं तर नेमकं सांगितलं असतं.”

तिनं चप्पल काढली. आम्हीही काढली. तिनं काही वाहिलं नाही, हात जोडले नाहीत. जमीन बघत उभी राहिली. भाऊ तिच्याकडे बघायचं टाळत टाकीवरचं काही तरी वाचत होता. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग ती म्हणाली, “ऊन चांगलंय इथं,” आणि चप्पल पायात घालण्यासाठी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

परत येताना शाळेसमोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. कोण, कुठले, विचारू लागली. आईनं आपलं नाव सांगितलं. म्हातारीनं डोळ्यांवर आडवा हात धरून नीट बघितलं आणि म्हणाली, “अगंबाई, म्हंजी तपासणीच्या आदल्या दिशी आमच्याकडनं पाट्या घासून घेतल्या त्या बाई?”

“तूच का ती, काळ्या पाटीला सारखी थुंकी लावायचीस?” आई म्हणाली.

दोघींनी एकमेकींचे हात धरले. आम्हाला घरात बसवलं, चहा झाला, मूठमूठ शेंगदाणे झाले. त्या वेळच्या पोरींची नावं निघाली. कोण कुठं दिलेली, कोण आहे, कोण नाही. आई अशी बोलत होती की मी तिला कधी तशी बोलताना पाहिलं नव्हतं. आवाज चढवून, माणदेशी हेल काढून. भावानं एकदा घड्याळाकडे बघितलं, त्याला संध्याकाळी पुण्यात काम होतं. मी त्याला खुणेनंच सांगितलं, बसू दे अजून थोडं. तो उठला, अंगणात गेला आणि गाडी सावलीला लावून परत येऊन बसला.